न आलेला मुराळी

पंचमी जवळ आली की आमच्या गल्लीत लाह्यांचा वास सुटतो. ज्वारीला पाण्याचा हबका मारायचा, फडक्यात बांधून ठेवायची, आणि मग तापल्या कढईत मूठमूठ टाकायची. आता बाजारात पाकिटातल्या लाह्या मिळतात, तरी एखादी म्हातारी अजून घरी फोडतेच. यंदाही वास सुटलाय. पाऊस मात्र नाही. आभाळ रोज येतं, आणि मोंढ्यात नुसता भाव विचारून जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखं पुढच्या दुकानाकडे निघून जातं.

असा कोरडा श्रावण लागला की मला जुना एक श्रावण आठवतो. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाचा. तोही असाच कोरडा. आणि त्याच्या पोटात त्याहून जुना आणखी एक, बहात्तरच्या दुष्काळातला. दोन्ही वेगळे काढून सांगायला गेले तर मला जमत नाही. एकीच्या पदराला दुसरी धरून चालावी तसे ते येतात.

आधी मुराळी म्हणजे कोण ते सांगते, कारण आताच्या पोरींना तो माहीत नाही. त्या फोन करतात, मोटारीत बसतात आणि माहेरी जातात. आमच्या वेळी लेक आपली आपण माहेरी जात नसे. पंचमीच्या आधी कुणीतरी न्यायला यावं लागायचं. भाऊ, नाहीतर चुलतभाऊ, अगदीच कुणी नसलं तर गावातला एखादा म्हातारा. तो मुराळी. त्यानं रिकाम्या हातानं यायचं नसतं. लाह्या, करंज्या, सासूला चोळीचं कापड, काहीतरी गाठोडं लागतं. तो ओट्यावर टेकला, पाणी प्याला, की सासूच्या तोंडाकडे बघत आत उभं राहायचं. ती म्हणाली "जा, पण चार दिसात ये," की आपण मोकळ्या. मग माहेरी झोका, फुगड्या, वारुळाची पूजा. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची आणि आईशेजारी बसून खायची. सगळ्या सणाचा जीव त्या "आईशेजारी" मध्ये होता.

माझं माहेर लोह्याकडचं, नांदेड जिल्ह्यातलं; तिथं मी शांती. शेतकरी घर. सासर उदगीरला, मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात आडत दुकान असलेलं, शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणारं. मी शिकले चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुडीच्या कागदावर वाचून आलं म्हणा. दुकानातून रद्दी घरात यायची, आणि ती चुलीत जायच्या आधी माझ्या डोळ्यांखालून जायची. कधी अर्धी गोष्ट, कधी भाषणाचा शेवट, कधी कुणाचं तरी लग्न ठरल्याची बातमी. सुरुवात नसलेलं वाचायची मला सवयच लागली.

बहात्तरच्या पंचमीला माझा मुराळी आला नाही. वाट बघितली. आमच्या गल्लीत त्या वर्षी कुणाचाच आला नाही, म्हणून रडायलाही लाज वाटली. पुढे माघात माय गेली. निरोप पोचेपर्यंत माती झाली होती. म्हणजे आदल्या पंचमीला मी गेले असते तर ती माझी आणि तिची शेवटची भेट ठरली असती, आणि ती झाली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षापासून माझा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, आमचा मल्लू, एकही पंचमी चुकला नाही. ताप अंगात घेऊन आला, घरात बाळंतीण असताना आला. यायचा, गाठोडं ठेवायचा, "चल अक्का" म्हणायचा. पण त्या एका वर्षाबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं नाही आणि विसरलेही नाही.

मग मी काय केलं, तर दुसऱ्या बायांना विचारत सुटले. तुला त्या वर्षी न्यायला आलते का गं? कुणी आलं, का नाही आलं, तू काय केलंस? पहिल्यांदा गल्लीत, मग लग्नाकार्याला गेले तिथं, मग उदगीरच्या आसपासच्या गावांत, बिलोलीकडे नणंदेकडे गेले तेव्हा तिकडे. माझी एक रीत होती. समोर बसून विचारायचं नाही. सूप घेऊन तिच्या शेजारी बसायचं, तिच्याच घरची ज्वारी निवडू लागायची. हातात सूप असलं की बाई खरं बोलते, कारण तिला तुमच्याकडे बघावं लागत नाही. खडा काढता काढता ती म्हणते, "बैल इकले म्हणून न्हाई आला." दुसरी म्हणते, "भावजयीनं येऊ दिलं न्हाई." तिसरी नुसतं सूप जोरानं पाखडते. ते मी लिहून ठेवत गेले. का ठेवत गेले ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आमच्या गल्लीची लेक सुमन लातूरच्या कॉलेजात मराठी शिकवायची. सगळे तिला सुमनबाई म्हणत. ती माहेरपणाला आली की माझं लिहिलेलं वाचायची. एका आषाढात आली आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडं दुष्काळावर चर्चासत्र ठेवलंय. जिल्हा नवा झाला, आता आपला आपला इतिहास गोळा करायचा म्हणतेत सगळे. तुम्ही हे मांडा."

मी म्हणाले, "अगं, ते पुरं कुठं झालंय?"

"पुरं झालेलं नकोच हाय. अर्धं झालेलंच आणायचं, लोकांपुढं ठेवायचं, आणि लोकांनी त्यातलं काय चुकतंय ते सांगायचं."

मला ही रीत फार विचित्र वाटली. आमच्यात अर्धं शिजलेलं झाकून ठेवतात. अर्धी भाकरी थापलेली असताना कुणी आलं तर आपण परात पदराआड करतो. आणि हे शिकलेले लोक मुद्दाम झाकण काढून दाखवतात!

आमच्या घरात हसूच झालं. हे म्हणाले, "तिथं डॉक्टर लोक बसतेत, पुस्तकातले. तू काय सांगणार? दिंडं कशी उकडायची?"

मी म्हणाले, "विचारलं तर तेही सांगीन."

एसटीत कंडक्टर ओळखीचा निघाला. तेव्हा लातूरला जाणारा प्रत्येक माणूस कचेरीलाच जायचा. इतकी वर्षं उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता जवळ आलं म्हणून लोक नुसतं बघायलाही जायचे. "काकू, कलेक्टरकडं का कोर्टात?" त्यानं विचारलं.

"भाषण करायला."

"भाषणवाले जीपनं जातेत काकू. एसटीनं जातेत ते ऐकणारे." सगळी बस हसली. मीही हसले. खिडकीबाहेर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पेरलेलं उगवून हातभर व्हायचं ते वीतभरावर थांबलेलं, पिवळं. काळ्या रानाला भेगा. एका ठिकाणी टँकरभोवती हंडे-कळशांचा असा गोळा झाला होता की खालची माणसं दिसतच नव्हती, नुसतं पितळ आणि प्लास्टिक चालतंय असं वाटलं.

लातुरात पाट्या नव्या होत्या. भाड्याच्या घरावर जिल्ह्याच्या कचेरीचा बोर्ड, रंगाचा वास अजून गेला नव्हता. कॉलेजच्या हॉलमध्ये पंखे होते, पण लाईट नव्हती. रांजणावर फळी, फळीवर एकच तांब्या, आणि खाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं, "पाणी जपून." दुष्काळावर बोलायला आलेल्या लोकांना ते वाचून बरं वाटलं असेल नसेल, मी दोन घोट प्याले आणि उरलेलं परत ओतावं की काय अशी उभी राहिले.

नाना तऱ्हेचे लोक होते. इतिहासवाले, मराठीवाले, अर्थशास्त्राच्या एक बाई, समाजशास्त्र शिकवणारा एक तरणा मुलगा, आणि मागच्या रांगेत शेतकी शिकवणारे एक सर, अंगानं आडवे, कपाळाला भस्माची पुसट रेघ. माझ्या आधी एकानं जुन्या विहिरींबद्दल मांडलं. त्याला लोकांनी असं धरलं, असं सोललं, की मला वाटलं हा आता रडेल. तर तो हसत म्हणाला, "आभारी आहे." मी सुमनबाईच्या कानात म्हणाले, "ह्यांच्यात भांडून झाल्यावर आभार मानतेत का गं?"

"तेच तर काम हाय, काकू."

माझी पाळी आली. उभी राहिले, पदर सावरला आणि सूप नसलेल्या हातांचं काय करावं ते कळेना. टेबलाच्या कडेला धरलं. मग सांगत गेले. कोणत्या गावात कोण काय म्हणालं. बैल विकले म्हणून, वैरण नव्हती म्हणून, भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला म्हणून. कुणी म्हणाली, त्या वर्षापासून माहेर तुटलं ते तुटलंच. शेवटी मी म्हणाले, "मला असं वाटतं, की त्या वर्षी रानाबरोबर नातंही वाळलं. भावाला बहीण जड झाली. माझाही मुराळी आला नाही. अजून पुष्कळ बायांना विचारायचं बाकी आहे, पण दिसतंय ते असं दिसतंय."

मग प्रश्न. इतिहासवाले म्हणाले, आठवणींवर किती विसंबायचं? अर्थशास्त्राच्या बाईंनी विचारलं, बैल खरंच विकले होते का घरोघर, हे कशावरून? तरणा मुलगा म्हणाला, "काकू, गावं कशी निवडलीत? हीच का?"

"जिथं मला कुणी जेवू घालेल अशी," मी म्हणाले. हॉल हसला, तोही हसला, पण त्यानं ते लिहून घेतलं. मला बरं वाटू लागलं. ही माणसं मला पाडायला बसली नव्हती. माझं सूप तीही धरत होती, एकेक खडा बाजूला काढत होती.

शेवटी मागचे शेतकीचे सर उठले. आधी ते पुस्तकी बोलले. "बाई, आपण बहिणींना विचारलंत, ते चांगलं केलंत. पण भावांना विचारलंत का?"

खरंच, एकालाही विचारलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. बाईनं बाईच्या चुलीपाशी जायचं आणि विचारायचं, एवढीच वाट मला माहीत. पुरुषाला असलं काही कुठं बसून विचारतात? त्याच्या हातात काय द्यायचं? मी "नाही" म्हणाले.

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. पुस्तकी भाषा गळून पडली. "मी त्यातलाच एक हाव बाई. मी बी गेलो न्हाई त्या साली. बहीण देगलूरला दिलती. आजपस्तोर मला एकानं इचारलं न्हाई का गेला न्हाईस म्हणून. तुमी 'जड झाली' म्हणलात. म्हणा. पण इचारून म्हणा."

ते बसले. सुमनबाईनं हळूच विचारलं, "सर, का नाही गेलात?"

सर मान खाली घालूनच बोलले. "आधी बाईंना आपल्या भावाला इचारू द्या. माझं काय, मी हितंच हाय."

मला आभार मानायचं सुचलं नाही. तशीच खाली बसले.

परतीच्या बसमध्ये मला राग आला होता. सरांचा नाही, कुणाचा ते कळत नव्हतं. इतक्या बायांच्या दारात गेले, इतकी ज्वारी निवडली, आणि त्या सगळ्या धडपडीत ज्या एका माणसाला विचारायचं होतं त्याला सोडून बाकी जगाला विचारत फिरले. माणूस आपल्याच घराच्या दाराला वळसा घालून किती लांब जाऊ शकतो! आणि मनात दुसरी भीती. त्यानं खरंच "जड झाली होतीस" म्हटलं तर? मग पुढच्या पंचमीला गाठोडं घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे मी कोणत्या डोळ्यांनी बघू? न विचारता आमचं बरं चाललं होतं. नातं शाबूत होतं. विचारून ते जाईल की काय, एवढंच मनात घोळत होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मल्लू आला. नेहमीसारखं "चल अक्का." अहमदपूरला बस बदलून लोहा, तिथून बैलगाडी. वाटेत लातूरला मास्तर लोकांपुढं बोलून आल्याचं तेवढं सांगितलं. सण झाला. झोका बांधला होता, पण लिंबाला पानं कमी, सावली कमी, पोरी लवकर घरात आल्या. वारुळापाशी जमीन इतकी कडक की दूध वाहिलं तर ते आत जाईना, वरच्या वर पसरलं.

दुसऱ्या दिवशी मल्लू पडवीत दावं वळायला बसला. पोळा जवळ आला होता. पाऊस असो नसो, बैलाच्या गळ्यात नवं दावं पाहिजे. अंबाडीचा वाख, दोर वळायचे तंतू, भिजवून ठेवलेला. "अक्का, टोक धर गं जरा," तो म्हणाला. मी टोक धरून उभी राहिले, तो दुसऱ्या टोकाला पीळ देत मागे मागे सरकत गेला. आमच्या मध्ये ताणलेला दोर. मला वाटलं, हीच ती जागा. पुरुषाच्या हाताला काम आहे आणि माझ्याही.

"मल्लू, बहात्तरला मला न्यायला का आला न्हाईस?"

पीळ थांबला नाही. तो म्हणाला, "लातूरला इचारलं वाटतं कुणी."

"हाव."

"मास्तर लोकांस्नी काय करायचंय आपल्या घरचं?"

"त्यांना न्हाई. मला करायचंय."

"बैल व्हते," तो म्हणाला. मी हे विचारलंच नव्हतं. "गाडी बी व्हती. तसलं काई न्हाई सांगत. मी निगालतो. मायनं आडवलं."

"मायनं?"

"ती म्हणली, आडतवाल्याच्या दारात ह्या साली जो पावना जातो तो धान्यालाच जातो. तू लेकीला न्याया आलो म्हणशील, आन् तिच्या घरचे तुज्या पिशवीकडं बघतील. हातात गाठोडं घालाया घरात मूठभर लाह्या बी न्हाईत. मोकळ्या हातानं गेलास तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल, तुजा भाऊ भीक मागाया आलता म्हणून." तो दोराकडे बघत होता. "आन् आनून करायचं काय? घरात खायला न्हाई. तिथं ती जेवती तरी. जेवत्या ताटावरून उठवून आनू नकोस, म्हणली."

वाख ओला होता, तळहाताला गार लागत होता.

"माघात पडली तवा बी तेच. मी म्हणलो, अक्काला आनतो, काय व्हईल ते व्हईल. तर हात धरून ठिवला. म्हणली, शांती खाऊन-पिऊन हाय, तेवढ्यावर मी सुखानं जाती. आपल्या घरातलं एक तोंड तरी पोटभर हाय." मग पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. "जेवत व्हतीस न्हवं गं तवा?"

आता मोंढ्यात त्या वर्षी काय होतं ते तुम्हाला सांगते. तराजू टांगलेले आणि पारडी रिकामी. हमाल खडीला गेले होते. आमच्या दुकानात धूळ होती. घरात रेशनची मिलो यायची, परदेशची ती लाल ज्वारी, जिची भाकरी थापली की कडा फुटायच्या आणि घशाला लागायची. पण आडतवाल्याच्या घरात रेशन येतं हे गल्लीला दिसू नये म्हणून सासूबाई ती मागच्या बोळातून आणवायच्या, टोपलीवर लुगडं टाकून, जसं काही धुणंच चाललंय. पुरुष जेवायचे, मुलं जेवायची, मग उरलं तर आम्ही सुना. बऱ्याचदा कण्या, बऱ्याचदा नुसतं पाणी. त्या पंचमीला मी माहेरची वाट बघत होते त्यात आईची ओढ किती आणि दिंडांची किती, हे मला आजही सांगता येणार नाही. हे मी माहेरी कधी बोलले नव्हते. सासरची अब्रू होती. इकडे माय माझी अब्रू राखायला मल्लूला अडवून बसली, तिकडे मी सासरची राखत उपाशी बसले. मधल्या रस्त्यानं तेव्हा कुणीच गेलं नाही.

"हाव," मी म्हणाले. "जेवत होते. पोटभर."

तो शेतकरी माणूस. त्याचं तेवढ्यानं भागलं नाही. "आपली ज्वारी? का ती लाल?"

"आपली. पांढरीशुभ्र."

त्याचे खांदे खाली आले. इतकी वर्षं ते वर होते हे ते खाली आल्यावर मला कळलं. "मंग मायचं बरोबर व्हतं," तो म्हणाला, आणि पीळ देऊ लागला.

पुढच्या वर्षी लातूरला मी पुन्हा उभी राहिले. भावांना विचारून आले होते, जमले तितक्यांना. पुष्कळ जण बोलले नाहीत, काही बोलले. नातं वाळलं हे माझं म्हणणं मी मागे घेतलं. निदान सगळं वाळलं नव्हतं एवढं म्हणाले. मल्लूनं सांगितलेलंही सांगितलं, माझं उत्तर सोडून. शेतकीचे सर मागच्याच रांगेत होते. या वेळी उठून त्यांनी आपलं सांगितलं, ते त्यांचं आहे, इथं लिहीत नाही. प्रश्न खूप आले. पण तुम्ही स्वतः त्या वर्षी काय खाल्लंत, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिथंही मी पांढरीच सांगितली असती. हॉलमधलं बोलणं फिरत फिरत लोह्याला पोचायला काय वेळ लागतो?

तेवढी एक जागा माझ्या कामात मोकळी राहिली. सुमनबाई म्हणायची, काकू, आता पुरं करा, छापू. मी म्हणायची, अजून थोडं बाकी आहे. ती म्हणायची, काय बाकी आहे? मी सांगत नसे.

मल्लू गेला, त्याला आता बरेच पावसाळे झाले. ज्याला हे दुखेल असं कुणी राहिलं नाही. म्हणून आज लिहिते. ज्वारी लाल होती, मल्लू. आणि तीही पोटभर नव्हती.